डाव्या हाताने

तालकाहुआनोच्या बंदरामागे, चढण लागायच्या आधी,
जिथे निळ्या पाटीवर पळणारा माणूस काढलाय
आणि बाण डोंगराकडे,
तिथे माझं दुकान. खिळे, कुलपं, नळाचे वायसर, दोरखंड.

एदेल्मिरा कारास्को आली मंगळवारी,
जेवायला दार ओढून घ्यायच्या वेळेला.
म्हणाली, पिशवी भरून झाली.
पाणी, रेडिओ, रक्तदाबाच्या गोळ्या, घराचे कागद,
नातवाचे मोजे.
आता ते एक दे. ज्याच्यात सगळं असतं ते.

मी काचेवर फडकं अंथरलं.
आधी अर्थातच महागातलं काढलं:
अठरा पाती, करवत, कानस, पक्कड,
माशाचे खवले काढायची पट्टीसुद्धा.
गंज धरणार नाही, म्हटलं, आजीवन हमी.
"कुणाचं आजीवन?" तिनं विचारलं,
"ह्याचं की माझं?"

उजवा हात तिनं कोटाच्या खिशात घातला होता
आणि तो काही बाहेर काढेना.
एकतीस वर्षं खेकडे सोलले त्या हातानं
कारखान्यातल्या बर्फगार टेबलाशी.
आता बोटं आल्याच्या कुडीसारखी,
ज्याला जिकडे फुटायचं तिकडे फुटलेली.

डाव्यानं उचललं तिनं ते अठरा पात्यांचं धूड.
खाचेत नख लावलं. नख वाकलं, पातं हललं नाही.
मग डोळे मिटले
(तेव्हा उजेड नसतो, म्हणाली)
आणि पुन्हा लावलं.
एक ना धड, असं काहीतरी पुटपुटत
भाराभर पाती फडक्यावर ठेवून दिली.

दुसरं तिच्या बोटावरच मिटलं. रक्त नाही आलं, पण शिवी आली.
तिसरं लाल होतं. छान दिसतं, म्हणाली, आणि बाजूला सारलं.

मग पिशवीतून सार्डिनचा डबा काढला,
जुन्या तऱ्हेचा, कडी नसलेला.
"ह्याच्यावर बघते. तुझं काही मोडलं तर पैसे माझे."

त्या फेब्रुवारीच्या रात्री
डोंगरावर आम्ही सत्तावीस जण होतो आणि चौदा डबे.
खाली समुद्र काय काय घेऊन जात होता ते नुसतं ऐकू येत होतं.
आणि उघडायला काही नाही.
शेवटी ओस्वाल्दोनं झाकणं दगडावर घासली,
एकेक, झिजेपर्यंत.
तेलानं माखलेला तो दगड
कुत्री दोन दिवस चाटत होती.

हे सांगताना तिचा डावा हात थांबला नव्हता.
चौथं, मळकट राखाडी, पाचच कामांचं,
मी ते मागच्या खोक्यातून काढलं होतं, संकोचून.
अंगठा दाबला तसं उघडलं.
टक्. मग पुढे टक्.
तेलाचा एक ओघळ माझ्या काचेवर आला
आणि माशाचा वास दुकानभर.

पाव माझ्या डब्यातला, सार्डिन तिचे.
उभ्यानंच खाल्लं.

जाताना तिनं वावभर दोरी मागितली, नारिंगी,
त्याच्या कानात ओवून मनगटाला बांधायला.
अंधारात पडलं तर कुठे चाचपडू, म्हणाली.
मी दोरीचे पैसे घेतले.
आता सांगताना ते बरं वाटत नाही.

रात्री स्टूल लावून मी कपाटावरची आमची पिशवी काढली.
तीन वर्षांत खाली आली नव्हती.
विजेरीतले सेल फुटून पांढरे झालेले,
बिस्किटांना मुंग्यांनी आधीच आणीबाणी जाहीर केलेली.
आणि तळाशी, ऐटीत, ते:
दुकानातलं सर्वांत उत्तम, अठरा पात्यांचं,
अजून त्याच्या टणक प्लास्टिकच्या पाकिटात बंद.
वर तुटक रेघ. रेघेवर कात्रीचं चित्र.

दातानं बघितलं. किल्लीनं बघितलं.
दिवा बंद करून बघितलं, का कोण जाणे.
खण ओढत होतो तसा नोल्फाचा आवाज आला,
काय शोधतोयस एवढ्या रात्री?
कात्री, म्हटलं.
तिनं कूस बदलली.
पिशवीत असेल की, म्हणाली.