टीप

पितृपक्षात कोणी नवं शिवत नाही.
म्हणून तो आला तेव्हा मी मशीनला तेल देत बसले होते,
छत्रीबागेतल्या माझ्या दीड खणी दुकानात.
बायपासवरच्या त्या स्वस्त बाजाराचा माणूस.
तीन गाठोडी टाकली: एकशे ऐंशी विजारी, निळ्या.
'आंटीजी, जेबें बंद करनी हैं.'
एका खिशाचे दोन रुपये.
खिसा असला की हात जातो म्हणे.

अर्ध्या जुन्या होत्या, सोडून गेलेल्यांच्या.
त्यांच्या पगारातून एकदा कापलेल्या,
आता नव्यांच्या पगारातून पुन्हा कापतील.
हे चारूने सांगितलं.
चारू माझ्या नणंदेची, तिथे बिलाच्या काऊंटरवर उभी असते.
उभी म्हणजे उभीच, दहा तास.
खुर्ची असली की गिऱ्हाइकाला आळशी वाटतं,
असं लेखी आलंय वरून.

शिवण्याआधी खिसे उलटे करायची माझी सवय.
सेवेचा चुरा.
दुखण्याच्या गोळ्यांचं अर्धं पान.
सिटी बसचं तिकीट, धुतल्यामुळे लगदा झालेलं.
आणि एका बिलाच्या पाठीवर, बॉलपेननं:
अकरा दहा. तीन पाच. सहा चाळीस, नाही.
मला वाटलं, बसच्या वेळा.
चारू म्हणाली, 'मामी, बाथरूमच्या.
विचारावं लागतं.'

ते बिल मी फेकलं नाही. बॉबिनच्या डबीत आहे.

तिची विजार पंचविसाव्या साइजची, मी ओळखली,
डाव्या पायाला मीच घातलेली दुमड.
हात जरा थांबला.
बाकीच्यांना एकेरी टीप, तीही लांब लांब,
ओढली तर निघेल अशी.
तिला मात्र दुहेरी घातली, बारीक, टोकाला गाठ मारून.
दारावर रात्री हात फिरवून बघतात,
आणि उसवलेला खिसा म्हणजे आधीच अर्धी चोरी.

सातशे वीस व्हायचे. सातशे बारा दिले.
दोन नग कमी भरले म्हणाला.
मी मोजून दिले होते,
पण मोजणं त्यांचं.

रात्री पावणेअकराला चारू आली.
चहा नको म्हणाली. बाकावर बसली,
चपला काढल्या, काही बोलली नाही.
मग कशाला तरी,
रुमालाला असेल,
तिचा हात खिशाकडे गेला
आणि कापडावरून घसरला.

टीप चांगली बसली होती.