आबकारी, हद्द तिसरी

नकाशा पणजीहून आला,
पत्र्याच्या नळकांड्यात, कोरा वास घेऊन.
मागोमाग साहेब, दोन शिपाई,
डांबराचा डबा, आणि मी :
मोडीत आकडे लिहिणारा,
पोर्तुगीजमध्ये मान हलवणारा दुभाषी.

बार्देशाचे तुकडे पाडायचे होते.
दर तुकड्याला एक मक्तेदार, एक माप, एक वही,
आणि तवेर्ना तेवढ्याच
जेवढ्यांचा कर संध्याकाळपर्यंत मोजून होईल.

पहिल्या दिवशी माड मोजले.
माड मोजणे सोपे, ते पळत नाहीत.
रुझार रेंदेर शेंड्यावर पोयीला काती लावत होता,
कमरेला दुदिनो.
मी खालून ओरडलो : हा माड कुणाचा?
वरून आवाज आला :
इथून नदी दिसते, खाडी दिसते,
कुणाचा ते दिसत नाही.
शिपायाने बुंध्यावर डांबराने लिहिले, ४१२.
रुझार उतरला तेव्हा आकडा त्याच्या छातीला लागला,
उलटा, ओला.
साहेब पोट धरून हसले.
मी वहीत माड एकच लिहिला.

मग रेघ.
रेघ ओहोळावरून गेली, कारण कागदावर ओहोळ सरळ होता.
अलीकडे रुझारचे माड, पलीकडे आंजेलीनची भाटी,
मधे ओंडक्याचा साकव, सात पावलांचा.
आता त्या सात पावलांना चिठी लागणार,
चिठीला शिक्का,
शिक्का म्हापशात, कारकून जेवायला गेलेला.
आंजेलीन म्हणाली, सूर थांबत नाही, बाबा,
उन्हे चढली की तिचा शिरका होतो.
मी ते भाषांतरले.
साहेब म्हणाले, शिरक्याचा रकाना वेगळा आहे.

पाश्कू पदेर दारातच उभा, हात कोपरापर्यंत पांढरे :
माझ्या पिठाला फुगायला पेलाभर सूर लागते.
पिठाने कुठल्या हद्दीत फुगायचे?
साहेबांनी खरोखर विचार केला.
अर्धी विडी जळेपर्यंत.
मग म्हणाले, लिही,
पीठ : अर्ज केल्यास.

तिसऱ्या दिवशी काजऱ्याच्या झाडाखाली आलो.
मुळाशी धोंडा, धोंड्यावर रोट, विडी,
आणि बाटली, बूच उघडे.
रेघ नेमकी तिथून जात होती.
सोयरू गांवकाराने पायातल्या वहाणा काढल्या,
म्हणून मीही काढल्या. साहेबांनी बूट ठेवले.
हा कोण पितो?
देवचार. शिवेचा राखणदार.
दारू कुठल्या बाजूची?
दर अवसेला ज्या बाजूची चांगली उतरते तिची.
परवाना?
सोयरू बराच वेळ धोंड्याकडे बघत राहिला.
साहेबांना विचार, म्हणाला,
रात्री कंदील घेऊन ही शीव कोण फिरणार?
ते फिरत असतील तर बाटली त्यांची.

हे मी भाषांतरले नाही.
म्हणालो, वेडा आहे, वय झाले.
साहेब पुढे गेले.
एक शिपाई मात्र, तो कवळ्याकडचा,
मागे वळून वाकला,
आणि आपली अर्धी विडी धोंड्यावर ठेवली.

रात्री समईपाशी मी नकाशा पक्का केला.
काजऱ्यापाशी बोरू थबकला.
रेघेला बोटभर वळसा दिला,
रोट, विडी, बाटली दोन्ही हद्दींबाहेर.
सकाळी साहेबांनी बोट ठेवले : हा फुगवटा कसला?
खडक, मी म्हणालो.
आयुष्यात मी पोर्तुगीजमध्ये बोललेले
पहिले धडधडीत खोटे.
उच्चार मात्र चुकला नाही.

मक्त्याचा लिलाव झाला.
रुझारने चार माड सोडून दिले, मुलगा आगबोटीवर गेला.
आंजेलीनचे तांब्याचे भाण जप्तीत आले,
त्याची पावती माझ्याच अक्षरात आहे.
सुंदर अक्षर.

मी पीत नाही, कधी प्यायलो नाही.
पण अवसेला, दिवा मालवून,
वहाणा हातात घेऊन मी साकव ओलांडतो,
पंचाखाली बाटली, बिनशिक्क्याची,
आणि त्या बोटभर जागेत उभा राहतो
जी कुणालाच दिलेली नाही.
समोरून कधी कधी कंदील येतो.
माझ्याजवळ चिठी नसते.
तो विचारतही नाही.