ततियम्पि

सकाळी साडेसहाला बेझनबागेच्या विहारात
मेणबत्ती लावताना माझा हात थरथरतो.
भक्तीनं नाही. लिथियमनं.
तीन काड्या विझतात, चौथी वातीपर्यंत पोचते,
आणि शेवंताबाई मेश्राम मागून म्हणतात,
"होते हो बाप्पा, घाई कायची."

एक प्रकारचं मीठच ते, डॉक्टर म्हणाल्या होत्या,
उन्हाळ्यात जपा, पाणी प्या,
घाम फार गेला की रक्तातलं प्रमाण चढतं.
नागपुरात! मे महिन्यात!
मी हसलो. त्याही हसल्या.
उत्पला हसली नाही. त्याच संध्याकाळपासून
ती दारामागे खडूनं
माझ्या ग्लासांच्या रेघा ओढू लागली.

पहिल्या वेळी मला झोपच नको होती.
सतरा रात्री.
संत्रं सोलताना सालीतून बारीक फवारा उडतो ना,
तसा प्रत्येक वस्तूतून अर्थ उडताना दिसायचा.
पतपेढीतून कर्ज काढून चाळीस मूर्ती आणल्या,
स्कूटर चहावाल्याला देऊन टाकली,
आणि कमाल चौकात पहाटे तीनला
चार कुत्र्यांना नि गस्तीवरच्या एका हवालदाराला
धम्म सांगितला.
वाटलं, कळलं.
सगळं. कायमचं.
हवालदारानं विचारलं, "घरी कोन हाय?"
तेव्हा हा प्रश्न मला फार छोटा वाटला होता.

मग खाली.
खाली म्हणजे कूलरचं पाणी संपलेलं,
पंखा नुसताच फिरतोय
आणि खोलीभर कुजक्या वाळ्याचा वास. तसं काहीसं.
ब्रशवर पेस्ट घेतली नि ती तिथंच वाळली.
चाळीस मूर्ती कपाटावर, पलंगाखाली, टीव्हीवर,
सगळ्यांचे डोळे मिटलेले.
बाजूच्या घरातून वंदना ऐकू यायची
आणि मला त्यातलं सरण
मराठीतलंच सरण वाटायचं,
लाकडांचं.

बरा झालो तेव्हा आजाराचं भय कमी राहिलं,
श्रद्धेचं जास्त.
वंदनेत अंगावर काटा आला
की मी रात्रीच्या झोपेचे तास मोजायचो.
मी गुणगुणलो की उत्पला वर बघायची,
आणि मी न विचारता
खिशातल्या पैशांचा हिशोब द्यायचो.

शेवंताबाईंना एकदा विचारलं,
खरं कोणतं, आजार कोणता, ओळखू कसं?
त्या विहार झाडत होत्या. केरसुणी माझ्या हातात दिली.
"हे झाडून घे पयले.
चढेल मानसाले कोपरे नाई दिसत."

मी झाडलं.
कोपऱ्यात मेणाचे थेंब होते, एक मुंगळा,
कुणाच्या तरी पोराचं पेन्सिलीचं टोपण.
मला ते सगळं दिसत होतं.
तेवढंच दिसत होतं.
केवढा सुटल्यासारखा रडलो मी त्या टोपणाशी!

लहानपणापासून म्हणत आलो, पण ऐकलं नव्हतं:
सरण एकदा जाऊन भागत नाही.
एकदा म्हणायचं, मग दुतियम्पि, दुसऱ्यांदाही,
मग ततियम्पि.
ज्यांनी हे असं बांधलं त्यांना ठाऊक असणार,
माणूस पहिल्या खेपेला पोचत नाही,
पोचला तर टिकत नाही,
तरी चटई अंथरलेली ठेवावी.
माझ्या फाइलवर लिहिलंय, तिसरा एपिसोड.
आता ते वाचताना ओठ आपोआप हलतात.

परवा पुन्हा झोप चार तासांवर आली.
उत्पलाला सांगितलं. डॉक्टरांना फोन केला.
एक गोळी वाढली, जीभ जड झाली,
गाथा म्हणताना एक ओळ मागे राहतो,
शेवंताबाई थांबतात माझ्यासाठी.
भन्ते थांबत नाहीत, त्यांना अजून दोन घरी जायचं असतं.

मूर्ती वाटून टाकल्या. एक राहिली,
कान तुटलेली, कुणी घेतली नाही.
तिच्यापाशी गोळ्यांचा डबा असतो.

बाहेर ऊन पांढरं पडलंय.
दारामागे आज अकरा रेघा.
उठतो, माठाकडे जातो.