टाचेखालचं तिकीट

एबरडेअरच्या बॉक्सिंग क्लबचा मी खजिनदार,
एकोणीस वर्षं.
आयुष्यात कुणाला चापट मारली नाही.
आकडे येतात, म्हणून ठेवून घेतलेला माणूस.

आज कौन्सिलचा फॉर्म भरायचाय:
क्लब बंद करण्याची कारणं. जागा तीन ओळी.

भाडं, लिहिलं.
गळकं छप्पर, विम्याचा हप्ता, लिहिलं.
पोरं मोबाईलमधून मान वर काढत नाहीत,
हेही लिहिलं, सगळेच लिहितात म्हणून.

पण छप्पर तर पहिल्यापासून गळत होतं.
लाल कोपऱ्यापाशी बादली असायची,
पोरं ती चुकवत सरकायला शिकायची.
कुणी धडकलं की आयव्हर प्रॉसर म्हणायचा,
तिला पाय नाहीत, तरी तुला गाठलं तिनं.

आयव्हर. एक कान खाणीत गमावलेला,
तरी बोलायचा इतकं हळू
की तीस पोरं श्वास धरून ऐकायची.
नव्या पोराला तीन महिने ग्लोव्ह्ज नाहीत.
फक्त पाय.
मागच्या टाचेखाली तो बसचं तिकीट सरकवायचा,
वाकून, गुडघ्यांची कुरकुर ऐकवत:
हे ओढल्याबरोबर निघालं पाहिजे.
नाही निघालं, तर तू बॉक्सर नाहीस, खांब आहेस.

कुणाचा खांदा जन्मतः तिरका,
कोण ठोसा यायच्या आधीच डोळे मिटतो,
कुणाच्या घरी आज काय झालंय,
हे तो पायांवरून ओळखायचा.
आमच्याकडे याला वस्ताद म्हणतात, मी सांगितलं एकदा.
त्यानं तो शब्द तीनदा म्हणून पाहिला,
जिभेवर तोलत.

मग त्याची नजर अधू झाली. गाडीचा परवाना गेला.
टोपी हातात घेऊन समितीपुढे उभा राहिला:
आठवड्याला अकरा पौंड, बसभाड्यापुरते.
तरतूद नाही, मी म्हणालो.
इतिवृत्तात अक्षर माझंच आहे. वळणदार.

नवा कोच तरुण. दोन शनिवार-रविवारांचं सर्टिफिकेट
फ्रेम करून आणलेलं.
फुकट यायचा. हिशेबात बसला.
मोठ्यानं गाणी, मोठ्यानं मोजणी,
जोरात! अजून जोरात!
घाम भरपूर निघायचा.
वाईट नव्हता बिचारा,
त्याच्याकडेच कधी कुणी थांबून पाहिलं नसावं.
नेरिस बेव्हन, चौदा वर्षांची, डावखुरी.
तिला त्यानं सगळ्यांसारखं उभं केलं
आणि दुसऱ्याच आठवड्यात रिंगमध्ये सोडलं.
नाकाचं हाड.
आई आली, एक शब्द बोलली नाही,
फक्त पोरीची बॅग उचलली.

एकतीस. बावीस. चौदा.
नोव्हेंबरात सहा, त्यातले दोघे भाऊ
घरी हीटर बंद म्हणून येणारे.
मी त्याचा आलेख काढला होता, चार रंगांत.
समितीला रंग आवडले.

काल भंगारवाला आला. मॅट गुंडाळली,
तर खाली फरशीवर पावलं निघाली,
पांढऱ्या ऑइलपेंटची, आठ नंबरची,
जोडीमागे जोडी.
आणि भिंतीकडेला एकच जोडी उलटी,
डावखुऱ्यांसाठी.

कोट न काढता मी त्या उलट्या जोडीत उभा राहिलो.
टाच उचलली. टेकली. पुन्हा उचलली.
पोटरीत गोळा आला.
खिशात परतीचं तिकीट होतं.
ते हातात घेऊन खाली वाकलो
तर वाकता वाकता टाच टेकलीच.
तीनदा केलं.
सही लागेल हं, भंगारवाला म्हणाला,
दाराकडे बघत.

फॉर्मवर अर्धी ओळ उरली आहे.
अकरा पौंड
मावतात तिथे.