टोचन

वणी नाक्यावर, भर दुपारी,
रज्जाक मिस्त्री दोन प्लेटा पोत्यावर मांडते.
जुनीचा वास अजून केबिनीत,
जळक्या भाकरीवानी.

"बटनवाली घे, नत्थू. दात रोवते.
कोळशाचा बाराचाकी बी हलवते."

खरं हाय.
पन ते धरते झटक्यानं,
आन् झटका साखळीतून मांगं जाते,
जिथं बंद गाडीत
कोनी परका ड्रायव्हर बसला असते,
स्टेरिंग दगडावानी,
डोये माह्या टेललाइटावर.

करंजीच्या चढावर एकाचं
कपाळ काचेले लागलं होतं.
पानी पाजलं.
तो म्हने, चाल, काई नाई.

"साधी दे."
"वर्षात घासंल."
घासू दे.
स्प्रिंगा तेवढ्या पाहून घे, रज्जाक,
मांगच्या खेपेले एक ढिली होती.