धर्मकाटा

रविवारी जालन्यात, जुन्या मोंढ्यात
नुसरत झेरॉक्सच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढते
आणि आम्ही तिघं वाकून आत शिरतो,
दरबारात शिरावं तसे.

कागदाच्या रिमांचे चार ढीग, वर प्लायवूड. झालं टेबल.
वीस बाजूंचा फासा एकच आहे,
त्याच्या नवावर चहाचा डाग.

माझा गडी व्रतस्थ योद्धा. नाव उदयन.
त्याच्या कागदावरचा वृत्तीचा रकाना
नुसरतनं स्वतः भरलाय, निळ्या पेनानं:
नेमाचा आणि भला.
दोन्ही पाहिजेत. एक जरी सुटलं
तर हाताचा उजेड जातो,
बोट लावून जखम भरत नाही,
घोडासुद्धा ओळख देत नाही.

इल्यासच्या रानगड्याचं उलटं,
त्यानं नेम धरला की त्याला राग येणंच बंद.
सुमित्राला मठातली जोगीण व्हायचंय आणि शाहीरही.
पण जोगिणीला नेम लागतो, शाहिराला चालत नाही.
"म्हणजे जिला पहाटे उठता येतं
तिनं गायचंच नाही का? कामून?"
ती रोज चारला उठून छत्तीस डबे भरते
आणि भरताना गातच असते.
नुसरत म्हणते, किताब में ऐसाइच है.

मी एमआयडीसीत काट्यावर बसतो.
भंगाराचे ट्रक येतात, सळई होऊन जातात.
आमच्याकडे त्याला धर्मकाटा म्हणतात,
पाटीवर तसंच रंगवलंय, खाली मोबाईल नंबर.
दहा किलोच्या खालचं धर्माला दिसत नाही.
कांताबाईची हातगाडी चढली की तो नव्वद दाखवतो,
मी शंभर लिहितो.
सहा वर्षं झाली.
नेमाचा तर नाहीच. भला, तेही सांगवत नाही,
शेठचे दहा किलो जातात
आणि शेठ पगार वेळेवर देतो.
हातात उजेड उरलाय का हे बघायला
जखमी माणूस कधी काट्यावर आला नाही.

आज उदयन एका बळदापुढं उभा.
आत बारा पोरं कोंडलेली. झाकणाला कुलूप.
तलवारीनं तोडावं तर पहारा जागा होतो.
मी म्हणालो, एक पायरी चोराची घेतो.
एकच. कुलपापुरती.
नुसरतनं पेन्सिल कानामागं खोचली.
"घे की. नेम बाहेर काढून ठेव, चपलेसारखा.
परत येशील तवा तिथंच असंल
असं मात्र नाही."

मग तसाच टाकतो, म्हणालो. पंधराच्या वर पाहिजेत.
फासा प्लायवूडवरून उडाला
आणि मशीनखाली गेला.

मी पालथा पडलो. मोबाईलच्या उजेडात
टोनरची काळी धूळ, गंजलेल्या टाचण्या,
कुणाच्या तरी जातीच्या दाखल्याची अर्धी प्रत,
आणि भिंतीला टेकून फासा.
तीन.
"किती?" वरून इल्यास.
मला कुणाचा चेहरा दिसत नव्हता, फक्त सहा पाय.
"सतरा."

कुलूप उघडलं.
पोरं एकेक करून वर आली.
नुसरतनं प्रत्येकाला नाव दिलं, घाई केली नाही.
अकरावं लंगडत होतं.
बारावं तिनं स्वतःच उचलून घेतलं.

मी उठलो तर गाल काळा झालेला.
सुमित्रा हसली.
नुसरतनं माझ्याकडं पाहिलं नाही,
रिममधून एक कोरा कागद ओढला,
वर लिहिलं: चोर,
आणि न विचारता माझ्यापुढं सरकवला.

सोमवारी साडेसातला, पहिल्या ट्रकाच्या आधी
मी काटा पाहिला.
वर काहीच नव्हतं, वीस किलो दाखवत होता.
होतं असं कधीकधी. धूळ बसते.