झाड क्रमांक सात

माघातल्या एका मंगळवारी ते बाहेर आणलं.
माझ्या हातांत कुंडी, मागून छत्री धरून इनास लोबो,
जणू बाळंतीण इस्पितळातून घरी निघालीय.
खोलीत त्याचा दिवस अठरा तासांचा होता.
ट्यूब पेटल्या की सकाळ,
टायमर टिकला की रात्र, तीही सहाच तास,
आणि पंख्याचा वारा, कायम डावीकडून.

शुक्रवारी पानांच्या कडा वर वळल्या,
वाळूवर ओढून ठेवलेल्या होडक्यांसारख्या.

भिंतीवर चौकटीत परवाना, खाली रजिस्टर:
क्रमांक, उंची, पानांची संख्या, शेरा.
गळलेलं पान पाकिटात घालून सही करायची,
कारण औषधासाठी का होईना, कागदावर विजया का असेना,
ही भांग आहे.
महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक्साइजचे तुळसकर येतात मोजायला.
'आजारी' असा रकाना त्यात नाही.

भिंग घेऊन बसले.
पानांच्या पाठी उलटून पाहिल्या. कोळी नाही, मावा नाही.
मातीत पेरभर बोट घातलं: ओल होती, चिखल नव्हता.
खालची पानं हिरवीगार, म्हणजे भूकही नव्हे.
भुकेलं झाड आधी म्हाताऱ्या पानांकडून उसनं घेतं.
इथे वरचीच फिकी, ताकाच्या निवळीसारखी,
आणि एका पानावर दुसऱ्या पानाची सावली
हिरव्या ठशासारखी उमटलेली.
ऊन लागलं. एवढं कळलं.
पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तास,
हे मीच नव्या पोरांना शिकवते.
वीजबिल आलं होतं. घाई माझी.

झावळीचा आडोसा केला. आडोशातही कडा करपल्या.

इनासची अर्धी हयात शिरोड्याच्या मिठागरात गेली.
तो कुंडीभोवती एक फेरी मारून आला, म्हणाला,
"जीब लाव गो."
मी परवान्याकडे पाहिलं.
मग पान जिभेला लावलं.
मीठ.
एकवीस वर्षं पानं वाचतेय,
एकही चाखलं नव्हतं.

पश्चिमेला गोणपाट बांधलं,
संध्याकाळी विहिरीच्या पाण्याने पानं धुतली, एकेक,
चिमटीत धरून, पोराचे कान पुसावेत तशी.
कडा थांबल्या. मला वाटलं, जिंकले.

आठवड्याने सात बोटांच्या पानाच्या जागी
तीन बोटांचं आलं.
आणि वीतभर उंचीवर, पेराच्या बेचक्यात,
दोन पांढरे केस.
फुलोरा. एवढ्याशा अंगाला.

रात्री टॉर्च घेऊन गेले. थोडा वेळ पाहिलं,
मग लक्षात आलं, हासुद्धा त्याला दिवसच;
विझवली.
अंधारात उभी राहिले. खाडीपलीकडे एक कुत्रं,
मिठाच्या राशी तेवढ्या दिसत होत्या.
मोजलं: इथली रात्र साडेबारा तासांची.
सहाची सवय असलेल्याला साडेबारा.
"काळोखाक भियालां ता," इनास म्हणाला होता.
नाही. भ्यालं असतं तर सोपं होतं.
त्याने हिशेब केला होता:
एवढी रात्र म्हणजे वर्ष सरलं,
जे काही असेल ते आता उरकून घ्या.
हिशेब बरोबर होता. फक्त त्याला कुणी सांगितलं नव्हतं
की आधीचे दिवस आम्ही केलेले होते.

सोमवारी तुळसकर आले. चष्मा कपाळावर ढकलून
शेरा वाचू लागले, मोठ्याने, शाळेतल्यासारखा:
ऊन लागले. वारा लागला. मीठ लागले. रात्र लागली.
"म्हणजे बाई," ते म्हणाले, "बाहेरचं लागलं म्हणा की."
इनासने झटकन छातीवर क्रूस केला,
मग स्वतःच हसला.
मी म्हटलं, हो. तसंच लिहा.

त्यांनी लिहिलं नाही. पानं मोजली, पेन्सिलीच्या टोकाने,
न शिवता.
एकेचाळीस.
शेंड्याशी एक अजून मिटलेलं होतं.
मी सही केली.